स्वतःशी मायेने वागण्याचे चार रविवार

४ जानेवारी २००९, रविवार
नवी वही. हिच्यात मी सिद्धार्थ. सोलापूरला घरी अजून ऋजुता, मुलगी समजतात. आईला सांगायचं राहिलंय, तेवढी एक फॉर्मॅलिटी. याच महिन्यात उरकणार.
आज इथे चेन्नईत, अंबत्तूरला क्लास. आमच्यासारख्या तरुण ट्रान्स मंडळींसाठी माइंडफुलनेस, वर 'स्वतःशी मायेने वागणे'. चार रविवार. एकेक मनुका दिली. पाच मिनिटं खायची! एवढ्यात आमच्याकडे पंगत उठते. शिकवणाऱ्या अंबुजा मॅडम तंजावरच्या मराठी. बोलल्या की बखर वाचल्यासारखं वाटतं.

११ जानेवारी, रविवार
होमवर्क होतं: आठवड्यात स्वतःला किती वेळा घालूनपाडून बोललात ते लिहा. मी कोरा कागद दिला. मी स्वतःला बोलत नाही. कागद विसरला असं वाटून अर्ध्या वाटेतून पेरुंगुडीला घरी परत गेलो होतो, खिशातच निघाला. गाढव. पण हे धरायचं नसतं.
शरण्याने दोन पानं भरून आणली, वर रडली. बावीस वर्षांची, पॅकिंगच्या कारखान्यात कामाला. तिथे अजून मुलाच्या नावाने हजेरी. असल्या रडक्यांत मी काय शिकणार?

१४ जानेवारी, पोंगलची सुट्टी
आईचा फोन. चोवीसला येतेय. एकटीच. उत्तम! सेंट्रल स्टेशनवरच सांगून टाकतो. शर्ट-पँटमध्ये जाणार. भाषणाचे सोळा मुद्दे काढले. उद्या ऑफिसात प्रिंट.

१८ जानेवारी, रविवार
शरण्याने घरी सांगितलं. आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने स्वतः हिच्या केसांत गजरा माळला. क्लासमध्ये सगळे रडले. मी नाही. माझ्या डोळ्यांत पंख्याची धूळ. नशीब बाईचं. प्लॅनिंग शून्य, एकही मुद्दा नाही!
मॅडम म्हणाल्या, भय वाटल्यास स्वतःस मित्राप्रमाणे समजवावे. मी विचारलं, भय कुणाला? कुणी हसलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
सोळाचे चार मुद्दे केले. मग एक. तोही जरा उग्र वाटतो.
ऑफिसातून टी. नगरला जाऊन चुडीदार घेतला. फक्त बॅकअप. प्रवासाने दमलेल्या बाईला धक्का नको. याला म्हणतात माया. क्लास कशाला लागतो?

२४ जानेवारी, शनिवार
गाडी दोन तास लेट. मी चुडीदारात. आईने डब्याच्या दारातूनच हाक मारली, "ऋजू! अगं, केस किती कापलेस!" आणि मी, सबंध प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं, "आले, आले!"
ऑटोत सांगणार होतो. तिला ऑटोवाल्याशी मराठीतून भांडायचं होतं. घरी सांगणार होतो. तिने शेंगाचटणी काढली. जेवताना स्वतःच म्हणाली, "काही सांगायचंय का तुला? आल्यापासून बघतेय, तोंड उघडतेस नि मिटतेस."
यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार?
म्हटलं, दाढ दुखतेय.
तिने लगेच पिशवीतून लवंग काढून दिली. उद्या क्लास बुडणार. डेंटिस्टकडे ती सोबत येतेय.
बाथरूमला कडी लावून लिहितोय. तोंडात लवंग. आई बाहेरून विचारतेय, फार दुखतंय का गं?
हो, म्हणाले. फार.