कात्री का तलवार

गुरुजी, तुमाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. पत्र लिहायची मला सवय न्हाई. शाळा तिसरीपर्यंतची, तीही शेण गोळा करून उरलेल्या वेळातली. दुधाच्या रजिस्टरवर माझी सही बघून तुमी म्हणाला होता, "बाई, ही सही हाय का कोंबडीनं पाय दिलाय?" अक्षर अजून तेच आहे. तरी लिहून राहिले, कारण तुमी सांगितलेली त्या केसवाल्या राजांची गोष्ट मी अर्धीच ऐकली होती, हे मला यंदा दिवाळीत कळलं. अर्ध्या गोष्टीवर मी काय करून बसले, ते तुमाला माहीत आहे. पण सगळं न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात मालक सेनगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे आणि मी शाळेत सरकारी पावडरीचं दूध उकळायची. सातवीच्या वर्गाला लागून पत्र्याचं शेड, त्यात तीन दगडांची चूल. पावडरीच्या गोण्या कापायला तुमी एक काळी, जड कात्री दिली होती. भिंतीला खिडकी होती, तिला गज न्हाई का दार न्हाई, म्हणून तुमचं सगळं शिकवणं माझ्या कानावर पडायचं. तुमी वसमतकडचे, बौद्धवाड्यातले, गावात भाड्याच्या खोलीत एकटे राहायचा. धडा संपला की पुस्तक मिटून म्हणायचा, "आता पुस्तकात न्हाई ते सांगतो." मग तुमी कुठल्या कुठं युरोपात जायचा. रोमचं मोठं राज्य मोडलं, रस्ते पडले, जंगलातल्या टोळ्या आल्या, ज्याच्या हातात कुऱ्हाड तो मालक. त्यातल्या एका टोळीच्या राजांचे केस कमरेपर्यंत. जन्मापासून कात्री लावायची न्हाई. राजेपण केसांत. पुढं पुढं त्या राजांचं काही चालेना, कारभारी सगळं बघायचा, राजा नुसता केस सोडून बैलगाडीत बसून गावोगाव फिरायचा. एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, आपल्या पाटलाकडं तर जीप हाय!" वर्ग हसला. मीही चुलीपाशी हसले. मग तुमी म्हणाला, "शेवटी एका कारभाऱ्यानं त्याचे केस भादरले आणि मठात नेऊन बसवला. आभाळ कोसळलं न्हाई. पिकं जळली न्हाईत. एक माणूस बोडका झाला, एवढंच." ते मी ऐकलं. माझ्या घरात तेव्हा केसांचंच चाललेलं होतं.

माझी पोरगी सात वर्षांची, दुसरीत. चार महिने डोक्यावरून पाणी न्हाई, कारण विहिरीचा तळ दिसत होता आणि हंडाभर पाण्यासाठी अर्धा दिवस जायचा. उवा झाल्या, केस गुंतले, गुंता घट्ट झाला आणि मानेवर दोरखंडासारखी एक वळकटी आली. सासूनं हात लावून बघितलं आणि मला म्हणाली, "जट आली. देवीनं मागितलीय. फणी लावायची न्हाई आता." दर मंगळवारी त्या गुंत्याला हळद-कुंकू. येत्या पुनवेला गडावर न्यायची, पोर देवीला सोडायची, शाळेतून नाव काढायचं, मग हातात परडी घेऊन ती जन्मभर दारोदार जोगवा मागणार. मालक आईपुढं कधी बोलले न्हाईत, तेव्हा पण न्हाई. सासू वाईट नव्हती, हेही लिहिते. त्या दुष्काळात स्वतःची अर्धी भाकर ती पोरीला द्यायची. तिच्या स्वतःच्या लेकीला जट आली होती, कुणीतरी कापली आणि आठ दिवसांत लेक गेली. म्हातारीला खरोखरच वाटायचं की जट कापली की पोर मरते.

तुमी मला पडवीत उभं करून रागावला होता ते आठवतंय. तुमी पोरीच्या मानेवर जटेनं झालेली जखम बघितली होती. "बाई, लेकराच्या डोक्यात पाणी न्हाई पडलं, म्हणून हे झालं. त्याला देवी काहून म्हणता?"

मी म्हटलं, "तुमाला बोलायला काय जातं गुरुजी, घर माझं हाय."

"आणि मान कुणाची हाय?"

मला राग आला होता. त्या दिवशीचं तुमचं दूध मी मुद्दाम पातळ केलं.

पुनव चार दिवसांवर आली तेव्हा तुमी ती गोष्ट सांगितली. मला ऐकू जावी म्हणून सांगितली का, ते विचारायचं राहिलं. त्याच केसवाल्या राजांतला एक मेला. त्याची तीन लेकरं आजीपाशी. चुलत्यांना राज्य पाहिजे. त्यांनी गोड बोलून लेकरं बोलावून घेतली आणि आजीकडं माणूस पाठवला. माणसाच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात नंगी तलवार. "म्हातारे, सांग. नातवांचे केस कापू का मान?" तुमी थांबला. आणि माझं दूध उतू गेलं. मी पदरानं पातेलं धरते, विस्तव ओढते, राखेचा फुफाटा उडतोय, आणि ते आटोपेपर्यंत घंटा झालेली. शेवट राहिला. पण मला शेवटाची गरज काय होती? कोणती आजी तलवार म्हणेल? मी धरूनच चालले की तिनं कात्री मागितली. एवढ्या मोठ्या राणीनं राज्य सोडलं आणि लेकरं ठेवली, मग मी कोण लागून गेले?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरीला शेडमध्ये बसवलं. "हलू नको," म्हटलं. गोण्या कापून कात्री बोथट झालेली, जट चामड्यासारखी. कापायला बराच वेळ लागला. पोरगी रडली न्हाई, नुसतं विचारलं, "आई, मी मरणार का?" मी म्हटलं, "गप."

कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. सासू दहा बायका घेऊन आली तेव्हा जट चुलीत अर्धी जळलेली आणि कात्री माझ्याच हातात. तुमी वर्गातून आला, माझ्या हातातनं कात्री काढून घेतली आणि पुढं झाला. "मी कापली," म्हणाला.

सासू ओरडली, "तुमाला देव न्हाई का देवी न्हाई! तुमचं काय जातंय? माझी नात जाईल!"

"न्हाई जाणार."

मी तोंड उघडलं तर मागं न बघताच म्हणाला, "बाई, तुमी गप बसा." मी गप बसले. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं. बोलले असते तर त्याच दिवशी माहेरची वाट धरावी लागली असती, आणि पोरगी सासूकडंच राहिली असती. पोरीलाही दम भरला, मरेपर्यंत बोलायचं न्हाई.

रात्रीपासून तिला ताप. तीन दिवस सासू माझ्याकडं बघत पण नव्हती, पोरीच्या उशाशी बसून होती. चौथ्या दिवशी पोरीनं भाकर मागितली. तोवर गावानं अर्ज दिला होता, महिन्याभरात तुमची बदली झाली. जायच्या दिवशी तुमी शेडमध्ये आला, कात्री माझ्या पुढं ठेवली आणि विचारलं, "एवढं धाडस आलं कुठून?"

"तुमचीच गोष्ट," मी म्हटलं. "त्या म्हातारीनं कात्री मागितली, मग मी पण उचलली."

तुमी माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं कौतुकानं बघताय. मग म्हणाला, "एक लेकरू वाचलं, बाई." ट्रंक उचलली आणि एसटीच्या रस्त्याला लागला. दोन वर्षांनी कावीळ होऊन तुमी गेल्याचं कळलं. गावानं कावीळ ऐकलीच न्हाई. जटेला हात लावला म्हणून गेले, असंच झालं ते.

पोरगी आता सेनगावला शाळेत इतिहास शिकवते. तुमाला बरं वाटलं असतं, म्हणून लिहिलं. दिवाळीत आली तेव्हा बोलता बोलता मी ती गोष्ट काढली. ती म्हणाली, "आई, तू उलटी सांगतेस. आजी म्हणाली होती, राज्य मिळणार नसंल तर बोडकी बघण्यापेक्षा मेलेली बघीन. दोघांना मारलं चुलत्यानं. तिसऱ्याला लोकांनी पळवलं. त्यानं आपल्या हातानं केस कापले, संन्यासी झाला, म्हणून वाचला." मी करंज्या तळत होते. झारा तसाच धरून राहिले. एक लेकरू वाचलं, म्हणजे हे. तुमी खोटंही बोलला न्हाई आणि माझी चूक सुधारली पण न्हाई. आणि केसांना हात लावू न देणारी ती म्हातारी तर आमच्या घरातच होती, मला दिसली न्हाई. शेवट ऐकला असता तर मी कात्री उचलली नसती, हे मला पक्कं माहीत आहे. मला वाटलं असतं, राण्यासुद्धा तसंच म्हणतात, मग सासूचंच बराबर असेल.

दिवाळीनंतर सासू अंथरुणाला खिळली. तिचे केस गुंतले, तीच म्हणाली, "काप माय, तकलीफ होतीय." मी तुमचीच कात्री काढली. कापता कापता तिनं विचारलं, "त्या दिशी पोरीची कुणी कापली व्हती?" आता काय भीती होती मला? घर माझं, म्हातारी माझ्या हातावर. तरी तोंडातनं निघालं, "गुरुजींनी."

तिनं डोक्यावरून हात फिरवून बघितला. मग म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या अंगावर किती टाकशील?"

पंधरा दिवसांनी ती गेली. आता हे माहीत असलेल्या आमी दोघी उरलो, मी आणि पोरगी, आणि पोरगी आईला दिलेला शब्द धरून बसलीय.

काल नळावर शेजारची सून होती. तिच्या पोरीच्या डोक्यात गुंता बसलाय, पाच वर्षांची पोरगी, मान वाकडी करून चालते. मी म्हटलं, "कापून टाक की." ती म्हणाली, "न्हाई बाई, तुमच्याच पोरीची कापून ते गुरुजी गेले न्हाई का?" माझा हंडा भरला होता. मी उचलला आणि घरी आले.

हे कुठं पाठवायचं न्हाईच, कात्रीखाली घडी करून ठेवणार आहे. उद्या तिच्याकडं जाऊन सांगते, असं इथं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. तुमाला खोटं लिहायचं न्हाई म्हणून.