कोरडीचा पत्ता

अकोला,
१८ जानेवारी २०१५

प्रिय गीतू,

सलाम. इकडे सगळे खुशाल. अम्मीच्या गुडघ्यांना थंडीत जरा त्रास होतो, पण तोंड जोरात चालू आहे. तुझी आणि बाबांची तब्येत कशी? मिलच्या आवाजात कानात कापूस घालतेस ना?

फोनवर तू "हो, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस, म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्र मधूनच कट करता येत नाही.

प्रेसमध्ये काम नाही. सोयाबीन हातचं गेलं, कापसाला भाव नाही, मग लोक लग्नं पुढे ढकलतात. ज्यांना ढकलता येत नाहीत, ते फोनवरच आवतण देतात. लग्नपत्रिकांचा जाड कागद गठ्ठ्यांनी पडून आहे. अब्बा म्हणाले, ह्याचं काय करू, रद्दीत देऊ का? तेव्हा मी म्हटलं, आमचे प्राणी छापा.

"किसको चाहिए तुम्हारे भूत-परेत?" अब्बा म्हणाले. पण थोड्या वेळानं बघते तर चष्मा कपाळावर चढवून भेगासुराचं चित्र निरखत होते. मला विचारलं, ह्याला पाय किती? मी सांगितलं, पाय नाहीत, तो काळ्या जमिनीच्या भेगेतून वर येतो. त्यांनी मान डोलावली, जणू असा कोणी त्यांच्या ओळखीचा होता.

तर गीतू, आपला पत्त्यांचा खेळ सुरू झालाय. होस्टेलच्या खोलीत तू नियम करायचीस आणि मी प्राणी काढायचे, तो खेळ. पंचवीस प्राणी झाले. प्रत्येकाला जगायला पाणी लागतं आणि पाण्याच्या जागी अजून चिंचोकेच आहेत. उडणाऱ्या सरकिणीला एक चिंचोका, भेगासुराला पाच. तुझा तो नियमही ठेवलाय, की पाकिटात क्वचित निघणारा पत्ता वेगळा असावा, पण सगळ्यांत ताकदवान नको. नाहीतर ज्याच्या घरी पैसा, तोच जिंकेल. बेबीताई म्हणून आहेत, त्या मुलांचं वाचनालय चालवतात. रविवारी त्यांच्या खोलीत पोरं खेळतात.

अडलंय ते तुझ्या कोरडीपाशी. तो पत्ता निघाला की दोघांचे हातातले चिंचोके वाटीत परत जातात, आणि ज्याच्या अंगावर पाणी नाही तो प्राणी मरतो. तू म्हणाली होतीस, हा पत्ता राहिलाच पाहिजे. पण तो निघाला की डाव तिथंच संपतो आणि पोरं उठून जातात. एक पोरगा म्हणाला, हे तर घरी पण असते. काढून टाकू का? तुला विचारल्याशिवाय मी काढणार नाही.

सोबत ढेकळ्याचं नवीन चित्र पाठवते. अक्षराकडे पाहू नको, घाईत लिहिलं.

तुझी,
फलक


नांदगाव पेठ,
२७ जानेवारी २०१५

फलक,

पत्र मिळालं. आमी बरे आहो. बाबांले इथंच एका गोदामात चौकीदारी मिळाली. परतवाड्याच्या मळ्यातल्या वांग्या-टमाट्यांचं नाव काढत नाहीत, मी पण काढत नाही. मी सूत जोडते. धागा तुटला की गाठ मारायची, दिवसभर तेच. कानात कापूस घालते.

आता खरं सांग. ते अक्षर तुझं नाही. होस्टेलमधे तीन वर्षं तुझ्या वह्या पाहिल्या मी. आणि ढेकळ्या पण तू काढलेला नाही. तुझी रेघ एका दमात जाते. ही थांबत थांबत गेली. चित्र वाईट नाही, मले आवडलं, ढेकळ्या खरंच नुकता झोपेतून उठल्यासारखा दिसते. पण ते तुझं नाही.

दुसरं कोणी चित्रं काढून राहिलं असेल तर तसं लिही. मले राग येणार नाही. मी खेळ सोडून आली, मंग मी कोणत्या तोंडानं बोलू. पण त्याच्याकडून पत्र लिहून घ्यायचं आणि खाली तुझं नाव, हे बरोबर नाही.

कोरड काढायची तर काढ. मले विचारू नको. नियम करायले डोकं रिकामं लागते.

गीतांजली


अकोला,
९ फेब्रुवारी २०१५

प्रिय गीतू,

तुझं पत्र वाचून आधी मी खूप हसले, मग दार लावून रडले. अम्मीनं चहा आणून उंबऱ्यावर ठेवला.

दुसरं कोणी नाही. पत्र मीच लिहिलं, ढेकळ्याही मीच काढला, डाव्या हातानं.

दिवाळीच्या आधी कटिंग मशीनवर माझा उजवा हात अडकला. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. मशीन मीच चालवत होते, दुसऱ्या कोणाची चूक नव्हती. जखम भरली, हात दुखत नाही आता. कागद धरता येतो, पेन नाही. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू प्राण्यांचं काय झालं हेच आधी विचारलं असतंस, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. पहिले पंधरा प्राणी जुने. पुढचे दहा डाव्या हाताचे. भेगासुरही. सुरुवातीला रेघ कुठंही जायची, मी कागद फाडायची. मग एका रेघेला उगाच शेपूट निघालं, ते मी ठेवून दिलं. पोरांना जुने-नवे वेगळे कळतात. तुबा, म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, म्हणते नवेवाले जास्त खरे वाटतात, कारण ते जरा घाबरलेले आहेत.

खरा त्रास अब्बांना झाला. त्या दिवसापासून त्यांनी कटिंग मशीनला हात लावला नाही. वर चादर टाकून ठेवली. पत्ते छापून पडले होते, कापणार कोण? मी आणि अम्मी कात्रीनं कापत बसायचो. आणि पुढं सांगते त्या रविवारपर्यंत असंच चाललं.

त्या दिवशी तुबा खेळत होती मयुरीशी. मयुरी बोरगावहून मामाकडे शिकायला आलेली, फार बोलत नाही. कोरड निघाली. तुबाच्या एकाही प्राण्याच्या अंगावर चिंचोका नव्हता. मयुरीच्या ढेकळ्यानं मात्र पाठीत तीन धरून ठेवले होते, तुझ्याच नियमानं. म्हणजे मयुरी जिंकली. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं दोन चिंचोके उचलले आणि तुबाच्या सरकिणीपुढे सरकवले.

मी म्हटलं, असा नियम नाही.

ती म्हणाली, "हे मेली तर मंग मी कोनासंग खेळू?"

डाव पुढं चालला, आणि गंमत म्हणजे तुबा जिंकली. मयुरीचा चेहरा पडला, तिनं चिंचोके परत मागितले, दोघी भांडल्या. पण एकही पोरगं उठून गेलं नाही. सगळे आपापलं मत सांगत होते, देणाऱ्याला काय मिळायला पाहिजे यावर. बेबीताईंना दार बंद करताना दोनदा ओरडावं लागलं.

मी घरी येऊन हे अब्बांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसमधून धप्प असा आवाज आला. जाऊन बघते तर चादर घडी करून बाजूला, आणि अब्बा पत्ते कापत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दूर खडी रह." मी दारातच उभी राहिले, गठ्ठा होईपर्यंत.

बेबीताईंनी आणखी चार वाचनालयांना संच द्यायचं कबूल केलंय. मार्चमध्ये पाहिजेत. पण पाणी दिल्यावर पुढं काय, हे मला सुचत नाही. मी काय केलं तरी कोणीतरी फसतं. हे हिशेब तुझ्या डोक्याचे. मी कोरड काढलेली नाही, गीतू. ती नसती तर मयुरीनं ते केलं नसतं.

डब्यावर दोन नावं छापायची आहेत. एक छापून झालं.

उत्तराची वाट पाहणारी,
फलक


नांदगाव पेठ,
१७ फेब्रुवारी २०१५

प्रिय फलक,

तुझ्या हाताबद्दल मी काय लिहू. चार दिवस लिहीन-लिहीन म्हणत होती. मिलमधे धागा जोडताना बोटांकडे पाहत बसते, सुपरवायझर दोनदा बोलला. भेटल्यावर तुझा हात हातात घेईन, एवढंच आता.

मयुरीची गोष्ट मी बाबांले सांगितली नाही आधी. सांगायची हिंमत नव्हती, आणि त्याचं कारण तुले पण माहीत नाही.

आमची विहीर आटली तेव्हा शेजारचे जानरावकाका आले होते. त्यांच्या बोअरले पाणी होतं. म्हणाले, गोवर्धन, पाइप टाक, अर्धा मळा तरी वाचते. बाबा म्हणाले, "परत कसं देऊ?" काका म्हणाले, मागून कोण राहिलं? पण बाबांनी पाइप टाकला नाही. भाजी उभी वाळली आन् आमी इकडं आलो. मी कोरडीचा पत्ता त्याच आठवड्यात केला होता. तू म्हणत होती, हा पत्ता फार कडू आहे. राहिलाच पाहिजे एवढंच मी म्हटलं, कारण सांगितलं नाही. मले वाटायचं की दुसरं काही होऊच शकत नाही.

त्या पोरीनं दोन चिंचोके सरकवले, आणि मले तीन रात्री तेच दिसून राहिलं.

आता नियम. कोरड निघाली की ज्याच्याजवळ पाणी उरलं, तो समोरच्याले देऊ शकते. जबरदस्ती नाही. दिलेलं पाणी परत मागायचं नाही. पण ज्याले दिलं तोच जिंकला, तर त्याच्या पत्त्यांतला एक, देणारा म्हणेल तो, देणाऱ्याचा होते, कायमचा. म्हणजे हरणारा रिकाम्या हातानं उठत नाही, आणि ज्यानं घेतलं त्याले परत देता येते, मान खाली न घालता. पत्त्यांची अदलाबदल यातूनच होऊ दे. मी मिलमधल्या दोन पोरींसोबत खेळून पाहिलं, बसते. एकच भोक आहे, दोघी आधीच ठरवून खेळल्या तर. ते समोरासमोर बसून बुजवू.

काल रात्री जेवताना हा नियम मी बाबांले वाचून दाखवला. मयुरीचं पण सांगितलं. ते भाकरी मोडत राहिले. मले वाटलं चिडले. मंग म्हणाले, "देनाऱ्यानं कोनता पत्ता मागाव, हे घेनाऱ्यानं सांगाव काय?" मी म्हटलं, नाही, देणाऱ्यानंच. ते म्हणाले, "मंग ठीक आहे. मंग घेता येते."

आज सकाळी त्यांनी जानरावकाकांले फोन लावला. काय बोलले माहीत नाही, मी मुद्दाम बाहेर गेली होती. पण आतून हसणं ऐकू आलं.

येत्या रविवारी माझी सुट्टी आहे. पहिल्या गाडीनं आमी दोघं येऊन राहिलो. बाबा विचारतात, त्या वाचनालयात म्हाताऱ्या माणसाले खेळू देतात काय. त्यांच्यासमोर मयुरीले बसव. अब्बांले माझा सलाम सांग.

या डावात बसलेली,
तुझी गीतू