आमच्या अँटेनाला विमलाबाईंची दोरी

रविवार, २ एप्रिल १९८९

टीव्हीवर पुन्हा मुंग्या! आठवडाभर चित्र स्वच्छ, आणि रविवारी दुपारी मूकबधिरांच्या बातम्या लागल्या की नेमक्या मुंग्या. आठवड्यातून एकदा, जेमतेम पंधरा मिनिटं टीव्हीवर हेमासाठी काही असतं — तेवढंच दिसू नये?

हेमा माझी नणंद. जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, आता चाळिशीला आली. हातांनी बातम्या सांगणारी ती बाई पडद्यावर आली की मी हेमाला पुढ्यात बसवते आणि भांडी घासायला जाते. गेलं वर्षभर हा नेम आहे. आज बिचारी मुंग्यांकडेच बघत बसली.

हे म्हणाले, "वारा असेल गं." रविवारचाच बरा सुटतो वारा!

सोमवार, ३ एप्रिल

गच्चीवर जाऊन आले. कसला वारा — विमलाबाई! वरच्या मजल्यावरच्या. कपड्यांची दोरी सरळ आमच्या अँटेनाच्या पाइपाला बांधलीय! रविवारी त्यावर ओल्या चादरी. वजनाने पाइप फिरतो आणि अँटेना मुंबईकडे पाठ करून घोडबंदरकडे बघत बसतो. संध्याकाळी सिनेमाच्या आधी हे वर जाऊन तो सरळ करून येतात, म्हणजे बाकी सगळ्यांचं भागतं. हेमाचं गेलं, कोणाला काय!

विमलाबाईंना म्हटलं, दोरी सोडा. तर म्हणतात, "गच्ची काय तुझ्या बापाची आहे काय गं?"

"बातम्या दिसत नाहीत हेमाला!"

"हेमाला कशाला हव्यात त्या बातम्या?"

हे शब्द! तोंडावर! मीही सोडलं नाही. म्हटलं, तुम्हाला धड दोन कान आहेत, तुम्ही काय दिवे लावलेत?

मंगळवार, ४ एप्रिल

हेमाला वर जायला बंदी केली. दर उन्हाळ्यात विमलाबाईंकडे कुरडया घालायला जाते, दुपार दुपार तिथेच असते. फुकटची राबणारी मिळालीय त्यांना! सोऱ्या घेऊन निघाली होती, मी हातातून काढून घेतला. "नाही" म्हणून मान हलवली. तिने खुणेने का म्हणून विचारलं. काय सांगणार? त्या बाईने तुला काय लेखलं ते सांगू?

गुरुवार, ६ एप्रिल

दोरी तिथेच. हेमा धड जेवत नाही.

रविवार, ९ एप्रिल

दोरी कापली. विळीने!

सव्वा वाजता वर गेले तर चादरी हजर. मग काय — एक फटका! चादरी बदाबदा खाली, नेमक्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. मुद्दाम नाही केलं. थोडंसं मुद्दाम. विमलाबाईंनी अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली. "हातात विळी घेऊन आली हो!" या भांडणात अँटेना फिरवायचा राहिला तो राहिलाच. खाली आले तेव्हा बातम्या संपलेल्या.

यांनी नुसतं कपाळाला हात लावला.

बुधवार, १२ एप्रिल

सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी दौलतराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही दोघी आपसात मिटवा की." उभीच राहिले. म्हटलं, ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी आठवडाभर टीव्ही आहे. आमच्या हेमाला पंधरा मिनिटं आहेत. तीही कोणाच्या चादरींखाली घालू?

ठराव झाला — अँटेनाच्या पाइपाला कोणीही दोरी बांधायची नाही. लेखी! विमलाबाई काहीतरी बोलायला उठल्या होत्या, पण लोकांनी त्यांना खाली बसवलं. बरं झालं.

रात्री मला अभिमान वाटत होता, खरं सांगायचं तर. हेमाच्या बाजूने एवढं कोण उभं राहिलंय आजवर?

रविवार, १६ एप्रिल

चित्र आरशासारखं. भांडी तशीच टाकली आणि आज पहिल्यांदाच हेमाशेजारी बसले. पडद्यावरच्या बाईचे हात झरझर चाललेले. पाचेक मिनिटांनी हेमाने माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. बाईकडे बोट केलं आणि हातांनी विचारलं — ही काय म्हणतेय?

हेमाच्या-आमच्या खुणा याच घरात सासूबाईंनी बसवलेल्या. त्या दिल्लीच्या बाईला कुठून ठाऊक असणार!

वर्षभर सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तिने आधी माझ्याकडे बोट केलं, मग भांड्यांच्या ढिगाकडे — तू तिकडे असायचीस. मग छताकडे बोट केलं.

विमलाबाईंना सांगितलं होतं.