सलग दोन उजवे बूट

ब्रॉन्क्स, १२ एप्रिल २०१८

तीर्थस्वरूप सेनोनदाजी यांस,

नेरेओचा नमस्कार. (गुडघे बोलायला लागल्यापासून वाकणं जमत नाही, तेव्हा मनाने वाकलोय असं समजून आशीर्वाद द्यावा.) तुमची तब्येत, ताईची तब्येत, ताईच्या कोंबड्यांची तब्येत, सगळं सविस्तर कळवा. तिकडे बेटावर वादळ होऊन सात महिने होत आले. मायाग्वेसला वीज आली असं तुम्ही म्हणता, पण ताई म्हणते ती पाहुण्यासारखी येते, कॉफीपुरती बसते आणि निघून जाते. छप्पर नवं घातलंत हे फार बरं केलंत. आम्ही इकडे सुखरूप आहोत. आमच्या सौ. प्रोवीचा रक्तदाब फक्त मला बघून चढतो, आणि डॉक्टरांनी माझं तळलेलं बंद केलंय, म्हणजे घरात बंद केलंय. फोन सोडून याने पत्र का लिहिलं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. फोन ताई उचलते, आणि ताईने उचललेला फोन तुमच्यापर्यंत आजवर कधी पोचलेला नाही. शिवाय जे लिहितोय ते तिच्या कानावर तुम्हीच घालावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही तिचे नवरे आहात, तुम्हाला ती फार मारणार नाही.

तर आपल्या किरिंदोंगो ऑर्केस्ट्राला यंदा पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. 'आपल्या' लिहिलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका, पुढे वाचा. या पन्नास वर्षांत आम्ही काय वाजवलं नाही? लग्नं वाजवली, त्या लोकांच्या मुलांची लग्नं वाजवली, आणि त्या मुलांची दुसरी लग्नंही वाजवली (दुसऱ्या लग्नात जेवण नेहमी चांगलं असतं, माणूस शिकतो). नाचघरं एकेक करून बंद पडली, एकाचं गोदाम झालं, एकाचं चर्च झालं, आणि आम्ही त्या चर्चमध्येही जाऊन वाजवून आलो. सत्याऐंशी साली एका सुपरमार्केटच्या उद्घाटनाला गोठवलेल्या कोंबड्यांच्या कपाटासमोर उभं केलं, तेव्हा ट्रम्पेटवाल्यांचे ओठ दोन दिवस बधिर होते. फिनलंडला गेलो, तर तिथे दोन हजार माणसं हात मांडीवर ठेवून बसली, एकाचा पाय हलेल तर शपथ. मध्यंतरात आपले ऑर्केस्ट्राचे मास्तर रडकुंडीला आले होते. शेवटी त्याच लोकांनी उभं राहून दहा मिनिटं टाळ्या वाजवल्या, त्याही तालात नाहीत.

मास्तर पंच्याऐंशीचे झाले. कानाला यंत्र आहे, ते नको असलेली माणसं बोलायला लागली की बंद करतात. पण नियम तोच, ऑर्केस्ट्रा म्हणजे चौदा माणसं आणि चौदा खुर्च्या. नव्वद सालानंतर काम इतकं आटलं की लोक म्हणायचे, मास्तर, सात जणांत भागवा, पैसे तेवढेच मिळतील. मास्तर म्हणायचे, सात माणसांत जनाजा उठतो, नाच उठत नाही. तुम्ही गेल्यावर आम्ही तेरा उरलो आणि तुमच्या त्या एकमेकींवर ठोकून ताल धरायच्या दोन लाकडी काठ्या गाणाऱ्यांकडे गेल्या, तरी खुर्च्या चौदाच मांडल्या जातात. चौदावीवर मास्तर आपली हॅट ठेवतात. ती खुर्ची हॅटसाठीच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फिनलंडमध्येसुद्धा ती हॅट पहिल्या रांगेत बसली होती, आणि खरं सांगायचं तर प्रेक्षकांपेक्षा तीच जास्त रंगलेली वाटत होती.

आता मुद्द्याकडे येतो. त्र्याहत्तरच्या डिसेंबरातल्या रेकॉर्डिंगच्या त्या दुपारचं तुम्हाला मी काय सांगणार, पण मला एकदा लिहून मोकळं होऊ दे. तीन ठोके, मग दोन, पुन्हा तीन, पुन्हा दोन. मास्तर म्हणायचे, उजवा पाय, डावा पाय, आणि बाकीच्या तेरा जणांनी तुमच्या हातातल्या त्या दोन काठ्यांच्या मागून गुमान चालायचं. त्या गाण्यात आम्ही पितळवाले, म्हणजे ट्रॉम्बोन-ट्रम्पेटवाले, एक टप्पा आधी घुसलो. आणि तुम्ही दोनाच्या जागी पुन्हा तीन वाजवलेत. सलग दोन उजवे बूट. स्टुडिओची वेळ संपली होती, रेकॉर्ड तशीच निघाली. मास्तरांनी सगळ्यांसमोर तुमच्या हातातून काठ्या काढून घेतल्या. लाकडानेच वाट सोडली तर माणसांनी कुणाकडे बघायचं, असं म्हणाले.  फेब्रुवारीत ताईला घेऊन मायाग्वेसला गेलात, टायरचं दुकान टाकलंत, आणि तेव्हापासून टेबलावर बोटसुद्धा वाजवलेलं नाहीत असं ताई सांगते. माझी बहीण माझ्यापासून समुद्रापलीकडे गेली ती तेव्हा.

पुढचं ऐका. गेल्या हिवाळ्यात ओहायोहून व्हिटेकर नावाचे एक तरुण प्राध्यापक आले. (दाढी भरपूर, नाचता अजिबात येत नाही.) त्यांनी त्या रेकॉर्डवर, म्हणजे रेकॉर्डवर नव्हे, तिच्यातल्या त्या एका जागेवर, तीनशे पानांचा प्रबंध लिहिलाय. त्यांचं म्हणणं, अख्ख्या संगीतात असं धाडसी वळण कुणी घेतलेलं नाही, आणि त्यांचे विद्यार्थी ती जागा रोज सकाळी घोटतात. त्यांनी मास्तरांना विचारलं, ही कल्पना कशी सुचली? जी जागा नाचक्की म्हणून मास्तरांनी चव्वेचाळीस वर्षं एकदाही वाजवू दिली नाही, तिच्याबद्दल त्यांनी कानाचं यंत्र नीट बसवलं आणि शांतपणे सांगितलं की ती मी आधीच ठरवली होती. प्राध्यापकांनी लिहून घेतलं. मी शेजारी बसून तळलेलं केळं खात होतो, ते माझ्या घशात अडकलं. तुमच्या माथी मारलेलं पाप एका दुपारीत मास्तरांचं पुण्य झालं, आणि तरीही मी गप्पच बसलो. मला तेव्हा माझीच इतकी शिसारी आली की उरलेलं केळं मी टाकून दिलं. (प्रोवीला विचारा, तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवलीय.)

मग ठरलं की पन्नाशीच्या कार्यक्रमात ते गाणं रेकॉर्डसारखंच वाजवायचं, चुकीसकट. इथे आमचे हाल सुरू झाले. दाजी, बरोबर वाजवणं आम्हाला पन्नास वर्षांत जमलं, पण तीन शनिवार झाले, ती चूक काही बरोबर होईना. आता काठ्या यारित्साकडे असतात. चोवीस वर्षांची पोर, गाते, संगीत शाळेत शिकून आलीय, हात स्वच्छ. तिने दोनाच्या जागी तीन वाजवले ते इतके नेटके की चूक वाटेचना. पुढच्या खेपेला आम्ही पितळवाले घाबरून दोन टप्पे आधी घुसलो, काँगाचे ढोल वाजवणारा एकीकडे गेला, पियानो दुसरीकडे, आणि अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्यासारखं झालं. प्राध्यापक कानाला हेडफोन लावून कोपऱ्यातून सांगत होते की रेकॉर्डमध्ये काठी अर्धा श्वास उशिरा वळते. अर्धा श्वास म्हणजे नक्की किती, असं मास्तरांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत यंत्र बंद केलं.

तेव्हा यारित्साने काठ्या खाली ठेवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही आधी घुसणार हे मला माहीत असतं. त्या माणसाला माहीत नव्हतं. मग एवढ्याशा वेळात त्याने सावरलं कसं?"

सावरलं. चव्वेचाळीस वर्षं आम्ही सगळे 'सेनोन चुकला' म्हणत आलो, आणि या पोरीने सहज म्हटलं सावरलं. आम्ही जिथे घुसलो तिथेच तुम्ही पुन्हा उजवा पाय टाकलात, म्हणून आम्ही पडलो नाही. मी उठलो. ट्रॉम्बोन खुर्चीवर ठेवला, मास्तरांना यंत्र चालू करायची खूण केली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी ताई स्टुडिओत मांसाचं सारण भरून केळीच्या पानात बांधून उकडलेले पास्तेल घेऊन आली होती. काचेपलीकडे टेबलावर तिने ते मांडले आणि मला माझ्या जागेवरून दिसत होते. अकरा. आम्ही माणसं चौदा. मी सगळ्यांत नवा, तुमच्या शब्दावर सहा महिन्यांपूर्वी घेतलेला, म्हणजे उपाशी राहणाऱ्या तिघांत माझा पहिला नंबर. मला मोजायचे होते आठ टप्पे, मी मोजत होतो पास्तेल. सातव्यालाच फुंकर मारली. दुसरे दोघे ट्रॉम्बोनवाले माझा खांदा बघून वाजवायचे, तेही घुसले, आणि त्यांच्या मागून ट्रम्पेट. ते दोघे आता देवाघरी आहेत आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. नंतरच्या भांडणात पास्तेलना कुणी हातसुद्धा लावला नाही. (मी तीन खाल्ले. आज सगळंच कबूल करायचं ठरवलंय.)

मला वाटलं मास्तर स्टँड फेकून मारतील.  ते म्हणाले, "मला काय कान नव्हते? ट्रॉम्बोन आधी आला हे मला तेव्हाच कळलं होतं." मी विचारलं, मग दाजींना का बोललात? तर म्हणाले, "काठी कुणासाठी वाट सोडत नाही. त्याने तुला पडू द्यायला हवं होतं. मेहुणा म्हणून नाही पडू दिलं."   मग जरा हळू आवाजात म्हणाले, "मी असतो तर पडू दिलं असतं. आणि मग ती रेकॉर्ड कुणी ऐकली नसती."

नंतर ते चौदाव्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्यावरची हॅट उचलली. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून उरलेली तालीम त्यांनी एका हातात हॅट धरून दुसऱ्या हाताने चालवली.

दाजी, मी इतकी वर्षं समजत होतो की मी सुटलो, कुणालाच कळलं नाही. मास्तरांना माहीत होतं, आणि तुमचे कान तर त्यांच्याहून तिखट. म्हणजे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, तरी तुम्ही काठ्या दिल्यात, टायर विकलेत, आणि दर नाताळला मला कॉफीचं पोतं पाठवत राहिलात. मला लाज वाटते. आणि अगदी खरं सांगतो, त्या शनिवारी घरी येताना मला जितकं हलकं वाटलं तितकं बाविसाव्या वर्षीसुद्धा वाटलं नव्हतं. प्रोवी म्हणाली, चेहरा असा काय, वजन कमी झालं का? झालं असेल.

ताईला नमस्कार सांगा, पण हे पत्र संपवून मग. कोंबड्यांना माझा आशीर्वाद.

तुमचा, चव्वेचाळीस वर्षं उशिरा,
नेरेओ

ता. क. कार्यक्रम शनिवारी, ९ जूनला दुपारी चार वाजता बागेतल्या मंचावर आहे. तुम्ही दोघं नुसते बघायला या, असं लिहायचं मी ठरवलं होतं. ते खोटं आहे. काठ्या वाजवायला या. यारित्सा म्हणते, मला त्यांच्या शेजारी उभं राहून बघायचंय. मास्तरांना विचारलं, तुमच्या वतीने माफी मागतो असं लिहू का? म्हणाले, "माफीबिफी लिहू नकोस. खुर्ची रिकामी आहे, एवढं लिही." तर खुर्ची रिकामी आहे.

ता. क. दुसरा. प्राध्यापकांच्या कानाला तेव्हा हेडफोन होते, त्यांना नंतर खरं सांगितलं. दोन दिवस आजारी होते. आता एक नवं प्रकरण लिहिताहेत आणि त्यांनी विचारलंय की पास्तेल डुकराचे होते की कोंबडीचे. ताईला आठवत असेल तर कळवा, विद्येचं काम आहे.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा. त्या चुकीनंतर मी भीतीने इतका काटेकोर झालोय की आता मुद्दामसुद्धा आधी घुसता येत नाही. घरी करून बघितलं, प्रोवी समोर घड्याळ घेऊन बसली होती, दर वेळी आठव्यालाच. तेव्हा ताईला सांगा, येताना पास्तेल आणायचे आणि पहिल्या रांगेत मांडीवर उघडून बसायचं, मला दिसतील असे. पण अकराच. चौदा आणले तर मी चुकणार नाही. तुमचा एक वेगळा बांधून पिशवीत ठेवा आणि मला सांगू नका.