दिवंगत लेफ्ट हाफ जाधव

३ नोव्हें. ९४, गुरु.
आज पेपरात मी मेलो. पलटणीच्या फुटबॉल टीमचा आमचा कॅप्टन त्रिपाठी (मी लेफ्ट हाफ), त्याची मुलाखत. इथंच निशातगंजात राहतो, टूर्नामेंट भरवतो. यंदापासून चषकाला नाव 'शहीद महादेव जाधव'. म्हणे एकाहत्तरच्या लढाईत मी त्याच्या मांडीवर प्राण सोडला. हरामखोर. मी पडलो तेव्हा हा दोन मैल मागं होता.
अभयला दाखवलं. पोटचा पोरगा, म्हणतो, "पापा, जाने दीजिए न. अच्छा ही तो लिखा है." अच्छा!

४ नोव्हें.
डावा पाय ठणकतोय. छर्रा अजून आत. तेव्हा अकरा महिने इथल्याच इस्पितळात होतो. टीममधलं कुत्रंसुद्धा आलं नाही. मग पलटणीतून नाव कमी. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा, वीस वर्षं. साताऱ्याला परत गेलोच नाही. लंगडत कुणापुढं जायचं?
त्या दारातनं त्रिपाठी एकदा आत गेला होता, पासबुक घेऊन. मी सलाम ठोकला. बघितलं नाही. ओळखलं नसेल, असं धरून चाललो.

६ नोव्हें., रवि.
गेलो त्याच्या घरी. दार त्यानंच उघडलं. दचकला नाही! तेच डोक्यात गेलं.
विचारलं, बँकेत मला बघितलं होतंस?
"देखा था."
मग?
"महादेव, जो मर गया वो हमारा सबसे अच्छा खिलाड़ी था. दरवाज़े पर जो खड़ा था, उससे क्या कहता?"
कॉलर धरली. त्याची बायको चहा घेऊन आली, तशीच उभी राहिली. तिच्याकडं बघून सोडली.
निघताना म्हणतो, फायनलला ये. "शहीद के भाई बनकर. पहली लाइन में बिठाऊँगा."
त्याच्या पायरीवर थुंकलो.

९ नोव्हें.
पत्रिका आली. पाकिटावर 'श्री जाधव, शहीद के भाई'. सूनबाईनं कौतुकानं टीव्हीवर ठेवली. फाडली. अभय चिडला, "आपको चाहिए क्या? उसने याद तो रखा!" मी ओरडलो.
खरं सांगायचं तर मुलाखतीतलं एक वाक्य पाच वेळा वाचलंय. जाधवसारखा डाव्या पायाचा पास पुन्हा बघितला नाही, म्हणतो. अरे, तो पास मी दिला होता. मेलेल्यानं नाही.

१३ नोव्हें., रवि.
फायनल तीनला. बारापासून कपडे करून बसलोय. आमच्या अलीगंजातनं रिक्षा करणार होतो. अभय स्कूटर पुसतोय. म्हटलं, तू कुठं?
"आप अकेले नहीं जाएँगे." मग हळूच, "वहाँ बोलेंगे क्या, पापा?"
माहीत नाही. सगळ्यांदेखत मैदानात चालत जाणार, काठीशिवाय. माइक त्रिपाठीच्याच हातात असणार. तो हिसकावून घेईन, नाहीतर... अभयनं स्कूटर चालू केली. निघतो.