शून्यावर आलेला आकडा

चिझुरू,

माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला तुला सांगितलं कोणी? तुझ्या त्या अपडेटपायी माझ्या शेवाळाच्या वेबसाइटवरचा पाहुण्यांचा आकडा शून्यावर आला! पन्नास हजाराव्या पाहुण्याला शेवाळाची कुंडी देईन, असं मी पहिल्याच पानावर लिहून बसलोय. मात्सुएचे ओगाताकाका त्यासाठी रोज सकाळी साइट उघडतात, आणि आता थोडकेच उरले होते. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

वर आज सकाळी बघतो तर आकडा चारशेवर! एका रात्रीत चारशे माणसं शेवाळ बघायला आली होय गं? रीफ्रेश दाबून आकडा वाढवायचा नाही, हेही पहिल्याच पानावर आहे. लबाड कुठली!

कुंडी घेऊन मीच मात्सुएला निघालोय. भाताचे गोळे फ्रिजमध्ये आहेत. खाऊन घे, आणि त्या बोटाला जरा शेक दे.

बाबा