म्हाताऱ्या गिटारवाल्याचे हात

ती. बाबांना ठमीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईला तेवढं ठासून सांगा.

काल मोठ्या कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं. रॉक अँड रोलच्या जुन्या वादकांचा सत्कार होता आणि आजचे नावाजलेले गायक त्यांच्यासोबत गायले. माझा कॅमेरा एका गायिकेवर हवा होता. पण तिच्या शेजारी एक म्हातारे गिटारवाले बसले होते. वाजवण्याआधी त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली, अगदी तुमच्यासारखी! हात थरथरत होता. पहिली तार छेडली आणि थरथर कुठल्या कुठे पळाली.

गाणं संपेपर्यंत मी त्या हातांवरून कॅमेरा हलवलाच नाही. हेडफोनमधून दिग्दर्शक ओरडून ओरडून दमले. "अहो बाई, गाणारी कुठेय?" त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

दुखण्यानंतर तुमचा हात कसा आहे? मी विचारलं की आई फोनवर विषय बदलते. गिटारची खोळ तरी काढता का?

नव्या तारा पाठवते आहे. आईच्या मदतीने लावा. मग माझा फोन आला की काही बोलू नका, नुसतं वाजवा. कसंही वाजवा. मला हात दिसतील.

तुमचीच,
ठमी